अँपमधली आक्का

मी मरणार असल्याची बातमी मला माझ्याच गिटारच्या अँपमधून समजली. रविवारची दुपार होती, पोट मटणानं गच्च भरलेलं होतं आणि तब्येत ठणठणीत होती. त्यामुळे बातमी जरा जास्तच लागली.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. ध्वनी, प्रकाश, चुंबक वगैरे. (हे आत्ताच सांगून टाकतो. पुढचं वाचल्यावर सांगायला तोंड राहणार नाही!) शिकवून उरलेल्या वेळात मी गिटार वाजवतो. दोन्ही कामांचा समोरच्यावर होणारा परिणाम साधारण सारखाच आहे, असं माझी बायको शुभांगी म्हणते.

आमचा एक ग्रुप आहे. ग्रुप म्हणजे मी, दिग्या आणि मोमीन. दिग्याची दुधाची डेअरी आहे. लहानपणी तालमीत गेलेला, अंगानं म्हशीएवढा आणि काळजानं चिमणीएवढा. तो एका लाकडी खोक्यावर बसून ते खोकंच बडवतो. मोमीन आमच्याच शाळेत चित्रकला शिकवतो आणि बेस गिटार वाजवतो, पण त्याचं खरं प्रेम जुन्या रेडिओंवर. जुन्या रेडिओत काचेचे व्हॉल्व असायचे ना, तसले व्हॉल्व जमवून त्यानं माझ्यासाठी गिटारचा आवाज मोठा करणारा एक अँप बनवला. बाहेरून साधी पत्र्याची पेटी. बटण दाबल्यावर लगेच काहीच होत नाही. तो आधी तापतो. मग खोलीतल्या अंधारात पेटीच्या जाळीमागे एकेक लाल डोळा उघडतो, आणि कुणीतरी झोपेतून उठून खोल श्वास घ्यावा तसा 'हंऽऽ' असा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा दिग्या म्हणाला, "ह्यो जित्ता हाय!"

माझी गिटारही तशी दोन्ही घरचा पाहुणा. दिसायला पोकळ पोटाची साधी लाकडी, पण त्या पोटात तारांचा आवाज टिपणारा पिकअप आहे आणि एक बारीकसा माईकही. वायर जोडली की इलेक्ट्रिक, काढली की अबला. ती नुसती तारांचा आवाज घेत नाही, लाकडाच्या अंगात जे जे थरथरतं ते सगळं घेते. हे मला माहीत होतं. मी तर हे दिग्याला फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं!

आता खोलीबद्दल. आम्ही वाजवायला बसतो ती मंगळवार पेठेतल्या आमच्या घराची वरची मागची खोली. ती आक्कामावशीची. आक्का म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. मूल नव्हतं, काका गेले, तेव्हा आईनं तिला गारगोटीहून आमच्याकडे आणलं. मशेरीनं खरखरीत झालेला आवाज. ती जिन्यात बोलली तर चौकातला रिक्षावाला "काय म्हणला?" असं विचारायचा. आई आणि आक्का दिवसभर भांडायच्या, रात्री एकमेकींचे पाय चेपायच्या आणि सकाळी उठून राहिलेलं भांडण पूर्ण करायच्या.

शेवटचं भांडण पांढऱ्या रश्श्यावरून झालं. आक्काचं म्हणणं, खसखस घातल्याशिवाय पांढरा रस्सा म्हणजे नुसतं पांढरं पाणी. आईचं म्हणणं, "खसखस घाटली की माणूस ताटावरच पेंगतंय. रस्सा हाय का अंगाई?" झालं! अबोला सुरू. निरोप माझ्यामार्फत. "पक्या, तुझ्या मावशीला सांग चहा झालाय." "पक्या, तुझ्या आईला सांग मला नको." दोघी एकाच स्वयंपाकघरात हातभर अंतरावर उभ्या!

आणि तो अबोला चालू असतानाच एका दुपारी आक्का जेवून झोपली ती उठलीच नाही.

आई कुणासमोर रडली नाही. आल्या-गेल्याला चहा देत राहिली. फक्त त्या दिवसापासून आमच्या घरात पांढरा रस्सा शिजला नाही. कोल्हापुरातल्या घरात! तांबडा व्हायचा, पांढऱ्याचं नाव कुणी काढायचं नाही.

वर्ष उलटल्यावर मी भीत भीत ती खोली मागितली. आई म्हणाली, "घे की. मला काय करायचंय तिच्या खोलीचं?" मी खोलीच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन घातलं. अलीकडे आमचं संगीत. पलीकडे आक्काची लोखंडी खाट, ट्रंक आणि आईनं खाली लावायला नकार दिलेला आक्काचा फोटो. पलीकडच्या भागाला परसातून येणारा वेगळा जिना होता, तिकडे कुणी फिरकत नाही असा आमचा समज. आणि त्या प्लायवूडवर, बरोब्बर मधोमध, मी माझ्या हातानं एक खुंटी ठोकली आणि तिच्यावर गिटार टांगली.

ही खुंटी माझ्या विज्ञान शिक्षणाचा कळस होती, पण ते पुढे.

पेठेत रविवारी दुपारी भर बाराला मटण रटरटत असतं आणि त्यानंतर सगळी पेठ मेल्यासारखी पडते. दुकानाच्या फळ्या बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. त्या दिवशी आषाढातले ढग इतके खाली उतरले होते की दुपार आहे की तिन्हीसांज ते कळेना. आई नेहमीप्रमाणे "भजनाला जाते" म्हणून बाहेर पडली होती. शुभांगी खाली झोपली होती. वर आम्ही तिघं. मोमीननं अँप चालू केला, लाल डोळे उघडले, मी खुंटीवरच्या गिटारला वायर लावली आणि आवाज वाढवून चहाचा कप उचलला. गिटारला कुणाचा हात नव्हता.

अँप म्हणाला, "आक्का… हाय…"

माझा कप तसाच राहिला.

"कोण बोललं?" दिग्यानं विचारलं.

"तू बोललास?"

"मी? माझं तोंड शेंगदाण्यानं भरलंय!"

आवाज खरखरीत होता. खोल विहिरीच्या तळातून यावा तसा, मागे हवा फिरल्यासारखी सूं सूं. पुन्हा आला. तोच, अगदी सावकाश.

"आक्का… हाय…"

मग बराच वेळ कुजबूज. शब्द कळेनात. त्यातून एकच वर तरंगून आला, "ख…स…ख…स…"

"ते काय नाही," मोमीन म्हणाला, "व्हॉल्वची खसखस आहे. व्हॉल्व खसखसतात."

"आसं स्वच्छ?" दिग्या म्हणाला. "ख ला ख, स ला स?"

आणि तेवढ्यात खुंटीवरच्या गिटारच्या तारा, कुणी हात लावलेला नसताना, थरथरायला लागल्या. मला त्या दिसत होत्या. जाड तार आधी, मग तिच्या शेजारची. अँपमधून 'हूंऽऽऽ' असा हुंकार निघाला, तो वाढत वाढत खोलीभर झाला. मी धडपडत जाऊन गिटार खुंटीवरून काढली.

सगळं शांत.

गिटार पुन्हा खुंटीला लावली, कुजबूज सुरू. काढली, बंद. लावली, सुरू. तिसऱ्यांदा दिग्यानं माझा हात धरला. "पक्या, तुला कळत कसं न्हाय? तू गिटार हातात घेतलीस की मावशी निघून जातीया. जित्तेपणीबी तसंच करायची!"

खरंच तसंच करायची.

मी आठवडाभर शुभांगीला काही बोललो नाही. मनाशी शास्त्रीय कारणं जुळवत होतो. रेडिओचं स्टेशन लागलं असेल. पण कुठलं स्टेशन दुपारी खसखशीवर कार्यक्रम करतं? कुणाचा मोबाईल असेल. पण मग तारा कुणी हलवल्या? रात्री जिन्यातला दिवा घालवायला जायची पाळी आली की मी "राहू दे, वीज काय पळून जात नाही" म्हणू लागलो.

पुढच्या रविवारी दिग्या गळ्यात तीन ताईत घालून आला. मोमीननं सगळ्या जोडण्या पुन्हा तपासल्या, अँप पुसला, व्हॉल्व हलवून बसवले. "आता येणार नाही," तो म्हणाला. आम्ही थोडं वाजवलं. मग मी गिटार खुंटीला लावली आणि तिघं भिंतीला पाठ टेकून बसलो. बाहेर वारा पडला होता. खिडकीचा पडदा हलत नव्हता. अँपचे लाल डोळे आमच्याकडे बघत होते.

"आक्का… हाय…"

"हाय तर हाय," दिग्या डोळे मिटून पुटपुटला. "आमी कुठं न्हाय म्हणतोय!"

कुजबूज. सूं सूं. आणि मग एकदम स्पष्ट, माझ्या कानाशी तोंड आणून सांगावं तसं:

"पक्या… मेला… उद्या…"

मोमीनच्या तोंडून "या अल्ला" निघालं. दिग्यानं माझ्याकडे बघितलं आणि हळूच दोन वीत लांब सरकला.

"उद्या?" मी म्हणालो. "उद्या सोमवार आहे."

"मग काय, सुट्टी बघून न्हेत्यात व्हय?"

सोमवारी मी शाळेत गेलो, पण स्कूटरवरून नाही, चालत. फूटपाथच्या आतल्या कडेनं. झाडाखालून नाही, बाल्कनीखालून नाही. आठवीच्या वर्गात ध्वनीचा धडा होता. शेवटी मी पोरांना म्हणालो, "मी असेन नसेन, पण कंपन म्हणजे काय हे विसरू नका." पहिल्या बाकावरची एक पोरगी रडायला लागली. मधल्या सुट्टीत मी डॉक्टरांकडे जाऊन ईसीजीची पट्टी काढून घेतली. डॉक्टर पट्टी बघून म्हणाले, "सर, काल मटण जरा जास्त झालं होतं का?"

संध्याकाळी घरी येऊन मी देवापुढे बसलो. मी कधी बसत नाही, त्यामुळे शुभांगीला पहिल्यांदा शंका आली. रात्री मी तिला पासबुकं कुठे आहेत ते दाखवायला लागलो तेव्हा तिनं दार लावून घेतलं आणि विचारलं, "अहो, काय केलंय तुम्ही?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "झोपा."

मंगळवारी सकाळी मी जिवंत उठलो. एवढा आनंद झाला की दिग्याला फोन केला. तो म्हणाला, "उद्या म्हणलीया. कुठला उद्या ते कुठं सांगितलंय?"

गप्प बसायचं असं आमचं ठरलं होतं, पण दिग्यानं डेअरीत दूध घालणाऱ्या कुणालातरी सांगितलं आणि बातमी दुधाबरोबर घरोघर पोहोचली. बुधवारी ती आईपर्यंत आली.

आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आक्का बोलती तुमच्या त्या डब्यातनं?"

मी मान हलवली.

"खसखशीचं काय म्हणली?"

"नुसतं खसखस म्हणाली."

आई जमिनीवर बसली. पदराची चुणी करत राहिली. मग इतक्या हळू विचारलं की मला वाकून ऐकावं लागलं, "माझं नाव घेटलं का?"

मी काय सांगणार? तिनं माझं नाव घेतलं होतं, आणि त्याच्यापुढे क्रियापदही! पण आईचं नाव नव्हतं. मी "नाही" म्हणालो तेव्हा आईचं तोंड असं झालं की मला माझं मरण विसरायला झालं.

"मला बसायचंय तिच्यासमोर," ती म्हणाली. "रविवारी."

हा अवघड प्रसंग हाताळायला मलकापूरहून तात्यामामा आला. तात्यामामा म्हणजे आई आणि आक्काचा धाकटा भाऊ. त्याला भुतांची फार माहिती. कुठल्या पिंपळावर कोण राहतं, कुणाला काय लागतं, कोण कशानं जातं, सगळं तोंडपाठ. तो सकाळीच आला, स्वयंपाकघरात डोकावून "मटण हाय न्हवं?" विचारून खात्री केली आणि मग वर गेला.

"हितं काय तरी हाय," खोलीत पाऊल टाकताच तो म्हणाला. (होतंच! मोमीननं रात्रीच आणून ठेवलेला जादा स्पीकर होता.) त्यानं अँपला हळदकुंकू लावलं. समोर नारळ ठेवला. अँपच्या वर, जाळीवर, एक लिंबू. आणि नैवेद्य म्हणून पांढरा रस्सा! वर्षभरानंतर आईनं तो केला होता. दोन वाट्या होत्या. एकीत खसखस, एकीत नाही. "तिला काय पायजे ते तिनं घ्यावं," आई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

पडदे ओढले. तात्यामामा, दिग्या, मोमीन, शुभांगी आणि मी मागे ओळीनं बसलो. आई पुढे, अँपच्या समोर, एकटी. कानातलं मशीन तिनं दोनदा काढून पुसून पुन्हा बसवलं. (आईला कमी ऐकू येतं. मशीन असलं की सगळं कळतं, काढलं की तोफ उडाली तरी कळत नाही.) गिटार खुंटीवर. मोमीननं अँपचा आवाज पूर्ण वाढवला. लाल डोळे उघडले. 'हंऽऽ.'

आम्ही वाट बघितली.

काही नाही. नुसती सूं सूं.

"आक्का," आई म्हणाली. "मी आलीया."

सूं सूं.

"धूर!" दिग्या एकदम किंचाळला. "आली! आली!"

अँपमधून खरंच धूर येत होता. तात्यामामानं हात जोडून डोळे मिटले. मोमीननं मात्र झडप घातली. व्हॉल्वच्या उष्णतेनं जाळीवरचं लिंबू भाजलं होतं. खोलीभर करपट आंबट वास सुटला. "लिंबू जळलं म्हणजे लई जबरी हाय," तात्यामामा म्हणाला आणि दुसरं लिंबू काढलं.

आई बसूनच होती. पायाला मुंग्या आल्या असतील, पण हलली नाही. मग हळूहळू तिचा चेहरा बदलत गेला. आधी दुःख होतं, त्याच्यावर राग चढला.

"ह्या दिग्याशी बोलतीस," ती अँपला म्हणाली. "मोमीनशी बोलतीस. माझ्याशी न्हाय. मेल्यावरबी अबोला? राहू दे मग. मी चालले भजनाला!"

आणि ताडकन उठून, कुणाकडे न बघता, जिना उतरून गेली.

आम्ही मान खाली घालून बसलो. दिग्यानं नाक ओढलं. शुभांगी वाट्या उचलायला वाकली. तात्यामामा म्हणाला, "आता रस्सा गार करण्यात काय अर्थ हाय?"

तेवढ्यात खुंटीवरची गिटार किंचित हलली.

कुणी नव्हतं तिच्याजवळ. ती आपली आपण, श्वास घेतल्यासारखी, हलली. अँपच्या आत काहीतरी कुरकुरलं. लोखंड वाजल्यासारखं. मग कुणीतरी लांब उसासा सोडला, आमच्या पाच जणांच्या अगदी मधोमध.

"आक्का… हायस न्हवं?"

दिग्यानं माझा दंड एवढा आवळला की अजून तिथे वळ आहे. पण आवाज पूर्ण वाढवलेला असल्यामुळे ह्या वेळी शब्द सगळे येत होते, एकूण एक.

"बघ बाई. तुझ्यासाठी सगळी पंगत बसलीया वर. मी म्होरं बसले, डोळं लावून. बोलाय तुझं तोंड दुखतंय व्हय?"

शुभांगीनं वाट्या खाली ठेवल्या. "अहो," ती माझ्या कानात म्हणाली, "आक्कामावशी स्वतःलाच आक्का कशाला म्हणतील?"

अँप पुढे बोलत होता.

"त्यो तात्या आलाय. म्हणं भूत उतरवाय. ह्याच्या नाकाला मटणाचा वास मलकापुरापतुर लागतोय, बाकी काय न्हाय."

तात्यामामाचा लिंबू धरलेला हात हवेतच राहिला.

"आन् पक्या मेला, उद्या शाळा हाय तरी त्या तारा ओढत बसतोय. पोरांच्या वह्या कोण तपासणार? वाजवतोय म्हणं. कसं वाजवतोय द्येव जाणे. मी आपलं मशीन काढून ठेवती, म्हणून तर पोरगं अजून ग्वाड वाटतंय."

'पक्या मेला, उद्या शाळा हाय.' मी ते पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं. आयुष्यभर आई मला 'मेला' म्हणत आली, आणि मी पट्टी काढून घेऊन आलो!

दिग्याच्या घशातून हसू फुटायला लागलं. शुभांगीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला, कारण अँपमधला आवाज उतरला होता.

"रस्सा केला आज. वरीसभरानं. तुझ्या वाटीत खसखस घाटली. चाखून बघितली आक्का. चांगली लागती गं. तुझंच खरं हुतं. एवढं सांगायचं राह्यलं बघ. एवढंच. आता तरी बोल की."

मग काही नाही. आम्ही पाच माणसं त्या पत्र्याच्या पेटीसमोर बसलेलो. तात्यामामाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

आणि मग तारा थरथरल्या. जाड तार आधी. 'हूंऽऽऽ'. खोल, खरखरीत, वाढत वाढत गेलेला हुंकार. प्लायवूड थरथरलं, खुंटी थरथरली, माझ्या बुडाखालची फरशी थरथरली. विज्ञानात ह्याला नाव आहे. अँपचा आवाज गिटारच्या पोटात शिरतो, तो पुन्हा अँपमधून बाहेर येतो, पुन्हा शिरतो. मी हे दरवर्षी शिकवतो. त्या क्षणी मला ते आठवलं नाही, आणि आठवलं असतं तरी मी बोललो नसतो.

कारण हुंकार ओसरल्यावर अँपमधून आईचा आवाज आला, अगदी लहान मुलीसारखा.

"व्हय. कळलं गं आक्का. कळलं."

शुभांगी आणि मी अनवाणी परसातल्या जिन्यानं पलीकडे गेलो. दार लोटलेलं होतं. आई आक्काच्या खाटेवर कुशीला झोपली होती. भजन वगैरे काही नव्हतंच. दर रविवारी ती इथेच यायची. एका मुठीत कानातलं मशीन. दुसरा हात पार्टिशनवर, पंजा पसरून टेकवलेला. ऐकू काहीच येत नव्हतं तिला. पण लाकूड थरथरलं होतं ते तिच्या तळव्याला कळलं होतं. बरोब्बर त्या हाताच्या पलीकडे माझी खुंटी.

आम्ही दार ओढून परत आलो. तिला काही सांगायचं नाही असं ठरलं. संध्याकाळी आई उठून खाली आली, चेहरा धुतल्यासारखा झाला होता, आणि तिला बघताच दिग्या म्हणाला, "काकू, तुमी पलीकडनं बोलला ते समदं ऐकलं आमी!"

दिग्याला गुपित सांगणं म्हणजे दुधात मीठ टाकणं आहे.

आई थबकली. एकेकाकडे बघत गेली. तात्यामामावर नजर गेल्यावर जरा चपापली. मी तिला पार्टिशन, खुंटी, गिटारचं पोट, माईक सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं.

"म्हणजे आक्का न्हवं. मीच बोलत हुते?"

"हो."

"बरं झालं. परत सांगाय नको." मग तिनं माझ्याकडे रोखून बघितलं. "माझं बोलणं तुमच्याकडं आलं, ते कळलं. पण फळीतनं माझ्याकडं जो हुंकार आला, त्यो कुणाचा?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंधरा वर्षांहून जास्त मी ध्वनी शिकवतोय.

"आक्काचाच असणार," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी," आई म्हणाली आणि रस्सा गरम करायला गेली. तात्यामामानं दोन्ही वाट्या संपवल्या. रुसलेल्या तोंडानं, पण संपवल्या.

त्यानंतर मला वाटलं, आता सगळं निवळेल आणि आपण निवांत वाजवू. मी खुंटी दुसऱ्या भिंतीला हलवायचं म्हणालो तर आईनं ठाम सांगितलं, "त्या गिटारला हात लावायचा न्हाय." शेजारच्या जाधवकाकू एका रविवारी भीत भीत आल्या. त्यांना त्यांच्या मिस्टरांशी बोलायचं होतं. मी म्हणालो, "काकू, ते नुसतं… आणि तुमचे मिस्टर तर जिवंत आहेत!" काकू म्हणाल्या, "म्हणूनच की. घरात बोललं तर ऐकत न्हाईत. त्या डब्यातनं आलं तर ऐकतील." मिस्टरांना अलीकडे बसवलं, काकू पलीकडे खाटेवर गेल्या. अंधार, लाल डोळे, सूं सूं, आणि मग संसाराचा पाढा! शेवटी हुंकार निघाला तेव्हा जाधवांनी उठून अँपला नमस्कार केला. ते आता स्वतःचं ताट स्वतः उचलतात, असं कळतं.

मग काय, ओळच लागली. दिग्या चहा देतो, मोमीन आवाज कमी-जास्त करतो. रविवारी दुपारी आमच्याकडे बसायला जागा नसते. गिटारला एवढे श्रोते मी हयातीत मिळवू शकलो नसतो. अट एकच आहे, की मी ती वाजवायची नाही.

परवा शुभांगी म्हणाली, "मी पण जाऊन बघते पलीकडे." मी अलीकडे अँपसमोर जाऊन बसलो. जरा घाबरलोच होतो. बराच वेळ नुसती खुडबुड. मग तिचा आवाज आला, स्वच्छ, गोड, जणू शेजारी बसलीय.

"अहो, ऐकू येतंय ना? किती छान येतो हो आवाज. म्हणजे गिटार चांगलीच आहे. अँपही चांगलाच आहे. मग इतकी वर्षं…"

पुढे ती काही बोलली नाही. पण ते मला अँपशिवायही ऐकू आलं.